कुंदा कोणत्या खांद्याचा

तुम्ही बूट घालून राहिले होते. जो येतो त्याला मी हेच सांगते. काय झालं, कसं झालं, आधी काही त्रास होता का, बीपी होतं का, असं लोक विचारतात, आणि मी म्हणते, बूट घालून राहिले होते. ह्याच्यापुढे माझ्याकडे सांगायला काही नाही. डॉक्टरांकडे एक शब्द होता, तो त्यांनी कागदावर लिहून दिला. माझ्याकडे तुमचे बूट आहेत.

तुमची तेरवी झाली. भिलाईतल्या आपल्या रिसालीच्या घरात पंगत बसली. स्टील प्लांटमधले, फर्नेसवरचे तुमचे लोक आले, जुने, नवे, एकजण तर ड्यूटीवरून तसाच आला, हेल्मेट हातात धरून. कोणीतरी उठून म्हणालं, "कापगते साहब ने कभी किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की." मी आतल्या खोलीत ऐकलं आणि मनात म्हटलं, बंदुकीवरून माझ्याशी भांडताना ह्यांना ऐकायला बोलवायला पाहिजे होतं. मला हसू आलं. आपल्या लेकीनं, गौरीनं, डोळे वटारून पाहिलं तसा मी पदर तोंडाला लावला, आणि बायकांना वाटलं मी रडून राहिले. मग मी खरंच रडले. आजकाल माझं असंच होतं, कुठून सुरू होतं आणि कुठे जातं ते समजत नाही.

त्या दिवशी आपल्याला नागपूरला जायचं होतं. दुर्गहून सकाळची गाडी होती. मी डब्यात पुऱ्या भरत होते, तुम्ही व्हरांड्यातल्या लोखंडी खुर्चीवर बूट चढवत बसले होते. मी आतून ओरडले, "आटपा बरं, गाडी माह्या बाबाची नाई थांबाले." माझे बाबा रेल्वेत गार्ड होते, म्हणून लग्न झाल्यापासून प्रत्येक प्रवासाला तुम्ही उशीर करत आले, सासऱ्याची गाडी आहे, थांबेल म्हणत. बाबा जाऊन किती वर्षं झाली, तुमची सवय गेली नाही. तुम्ही म्हणाले, "हाव, झालंच." आवाज नेहमीचा होता. मी तो आवाज आठवून आठवून पाहिला, त्यात कुठे काही वेगळं होतं का. नव्हतं.

मी डब्याला फडकं बांधलं, गॅसची टाकी बंद केली, बाहेर आले. तुम्ही वाकलेलेच. मला वाटलं नाडीत गाठ बसली. "सोडा तो बूट," मी म्हटलं, "चप्पल घाला नं. तथी कोन तुमचे पाय पाहून राहिलं." तुम्ही तरी वाकलेलेच. मी पाठीवर हात ठेवला. शेजारचे धावले, त्यांनी कार काढली, दवाखान्यात नेलं. नेऊन काही उपयोग नाही हे मला हात ठेवल्याबरोबर समजलं होतं, पण मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं, मी बोलले नाही तर कदाचित झालं नसेल. तुमच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात नुसता मोजा. तसेच आत घेऊन गेले तुम्हाला.

आणि मला राग येऊन राहिला. खोटं कशाला बोलू. सगळे म्हणतात, वहिनी, शांत मरण आलं, भाग्यवान माणूस. असेल. पण ज्या भांडणाचा निकाल त्याच दुपारी लागणार होता ते भांडण तुम्ही असं मधेच टाकून गेले. माझ्यासारख्या बाईनं आता ते कोणाशी पुरं करायचं?

भांडण काय होतं ते गौरीलाही नीट माहीत नाही. ती पुण्याहून फोन करायची तेव्हा आपण दोघं तिला वेगवेगळं सांगायचो. तुम्ही सांगायचे, "तुही आई मले बंदूक घेऊ नाई देऊन राहिली." मी सांगायची, घ्या म्हणते, पण डोळे उघडून घ्या. तीही शेवटी कंटाळून म्हणायची, आई-बाबा, तुमचं झालं की मला सांगा.

सुरुवात तुमच्या बाबांच्या दुनळीपासून. साकोलीकडच्या गावी धानात डुकरं शिरायची, म्हणून बाबांनी ती बंदूक घेतली होती, शेजारी शेजारी दोन नळ्यांची. बाबा गेल्यावर लायसन तुमच्या नावावर झालं आणि दुनळी भिलाईला आली, आधी प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, मग ह्या घरात. भिंतीवर खुंटीला टांगून ठेवलेली. दिवाळीला तुम्ही तिला तेल लावायचे. त्यापुढे तिला काही काम नव्हतं. मग तुमच्यासोबत फर्नेसवर असलेले साहूभैया एका रविवारी तुम्हाला नंदिनीच्या रस्त्यानं नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. जुन्या चुनखडीच्या खाणीशेजारचं मोकळं माळरान, तिथे खड्ड्यात बसवलेलं यंत्र मातीची नारिंगी चकती हवेत फेकतं, आणि ती खाली यायच्या आत उडवायची. मी त्या दिवशी सोबत आले ते फक्त परतताना कॅम्प-१ च्या बाजारातून भाजी घ्यायची होती म्हणून.

यंत्राचं बटण दाबायला माणूस कमी पडला. साहूभैया म्हणाले, "भाभी, आप दबा दीजिए, भैया 'पुल' बोलेंगे तब." त्या दिवसापासून बटण माझ्याकडे आलं ते आलंच. तुम्ही 'पुल' म्हणायचे, मी दाबायची. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचे, "आख्ख्या भिलाईत मी एकटाच नवरा हाओ, मी ओरडलो का बायको लगेच ऐकते." बाकीच्यांच्या बायका घरी राहायच्या. तुम्ही मला कधी म्हटलं नाही, तू कशाला उन्हात. उलट मी एखाद्या रविवारी नाही म्हटलं तर तुमचं तोंड उतरायचं. त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी होत्या, हे मी तुम्हाला कधी म्हटलं का? आठवत नाही. साहूभैयांच्या थर्मासमधला चहा, मुरमावर पडलेले चकत्यांचे नारिंगी तुकडे, आणि परतताना तुमच्या हातात पालकाची जुडी.

आता बटण दाबणारं माणूस नेमबाजाच्या बरोबर मागे उभं असतं. तिथून जे दिसतं ते नेमबाजाला दिसत नाही. आभाळ स्वच्छ असलं तर छर्‍यांचा पुंजका क्षणभर दिसतो, धुरकट डाग जाताना दिसावा तसा. आणि मला तो दर वेळी दिसायचा चकतीच्या डावीकडे. थोडासा, पण डावीकडे. उजवीकडे कधीच नाही, खाली-वर नाही. मी सांगितलं, "अहो, तुमचं सगळं डावीकडं जाऊन राहिलं."

"हवा होती."

पुढच्या रविवारी पान हलत नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणाले काडतुसं जुनी आहेत. मग म्हणाले घोडा जड आहे. मग म्हणाले, ह्या दुनळीचं तोंडच एवढं रुंद की निम्मं आभाळ लोखंडानं झाकून जातं, माणसानं पाहावं कुठून. आणि एक दिवस जाहीर केलं, "आपल्याले ओव्हर-अंडर लागते." म्हणजे एकावर एक नळ्या असलेली. डोळ्यापुढे एकच बारीक रेघ, आणि खालच्या नळीचा धक्का सरळ मागे येतो म्हणून दुसरा बार पटकन साधता येतो. हे सगळं तुम्ही मला पोळ्या लाटताना समजावून सांगितलं. ते मला पटलंही. चकत्यांवर नेम धरायला तीच बंदूक बरी, हे मी तेव्हाच मान्य केलं होतं, लक्षात ठेवा. माझं म्हणणं एवढंच होतं की बंदूक बदलली तरी डोळा तोच राहणार.

डोळ्याचं मला कुठे कळलं माहीत आहे? आपल्या दारात. ह्या घराच्या दाराला तुम्ही हौसेनं ते बारीक भिंग बसवून घेतलं, कोण आलं ते बघायला. एकदा बेल वाजली, तुम्ही उठून त्याला डोळा लावला, आणि मी सोफ्यावरून पाहिलं की तुम्ही डावा डोळा लावला. मी पुढच्या वेळी लक्ष ठेवलं. पुन्हा डावा. बंदूक उजव्या खांद्यावर, गाल उजवा टेकलेला, आणि बघणारा डोळा डावा. मग छर्रे डावीकडे जातील नाही तर काय होईल?

मी विचारलं, "फर्नेसमंदी तुम्ही कोन्या डोळ्यानं पाहता?" तुम्ही सहज म्हणाले, "डाव्या. कावून?" आणि मग सांगितलं. भट्टीच्या बाजूला बारीक झरोके असतात, त्यातून आतला जाळ बघायचा असतो, डोळ्यापुढे निळी काच धरून. उजवा हात मोकळा ठेवावा लागतो, मागच्या लोकांना खूण करायला. म्हणून काच डाव्या हातात, आणि डाव्या हातातली काच डाव्या डोळ्यावर. नोकरी लागल्या दिवसापासून तेच. तुमच्या पोटापाण्याचा डोळा तो. मी म्हटलं, बघा, तुमचा मालक डोळा डावा आहे. तुम्ही इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "प्लांटनं माहा डोळा बी घेतला म्हन."

मी पिच्छा सोडला नाही. दोन्ही हातांचे पंजे जोडून मधे भोक करायचं, त्यातून पंख्याची चकती बघायची, आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं चकती भोकातच राहते तो मालक. हे मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. तुम्ही पंख्याखाली उभे राहिले, मिटले, उघडले, आणि म्हणाले, "उजवा." मी म्हटलं, तुम्ही हात सरकवला. "मी कायले सरकवू?" मी म्हटलं, मी पाहिलं. मग मी छत्री आणली, कारण रिकामी बंदूकसुद्धा तुम्ही कधी माणसाकडे रोखली नाही, आणि त्याबद्दल मला तुमचं कौतुकच होतं. तुम्ही छत्री बंदुकीसारखी उजव्या खांद्याला लावून माझ्याकडे धरली, डोळे मिटून उघडले, आणि मी समोरून पाहिलं. छत्रीच्या टोकावर मला तुमचा डावा डोळा दिसला, अगदी बरोबर मधोमध. मी नुसती उभी राहिले. तुम्ही छत्री खाली केली आणि म्हणाले, "भाजीत मीठ कमी होतं आज."

उपाय दोनच होते. चष्म्याच्या डाव्या काचेवर पट्टी चिकटवायची, नाहीतर खांदा बदलायचा. पट्टी तुम्हाला नको होती, लोक हसतील म्हणून. आणि खांद्याचं नाव काढलं की तुम्ही गप्प व्हायचे, हसायचेही नाही. ते मला जरा उशिरा समजलं. एकदा बाम लावताना तुम्ही बोलले. रविवारी संध्याकाळी मी तुमच्या उजव्या खांद्याला बाम चोळायची, दुनळीचं मागचं लाकूड तुम्हाला आखूड पडायचं, म्हणून तिथे निळा डाग उठायचा. "बाबानं स्वतः बंदूक ठेवून देली होती इथं," तुम्ही म्हणाले. "मागं उभे राहून. खांदा धरून." एवढंच. मी बामाचं झाकण लावलं. मला तुमच्या बाबांशी भांडायचं नव्हतं हो. मला फक्त चकती फुटलेली पाहायची होती.

मग ही बंदूक मिळाली. नागपूरला सीताबर्डीच्या मागे जे बंदुकीचं दुकान आहे, तिथल्या शेठनी साहूभैयांना कळवलं, एक जुनी ओव्हर-अंडर आहे, नळ्या उत्तम, पण कुंदा मानेशी तडकलेला. कुंदा म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. दुकानाच्या मागे करीम मिस्त्री बसतात, ते अक्रोडाचा नवा कुंदा कोरून देतील, अंगाच्या मापानं. तुम्हाला एवढा आनंद झालेला मी गौरी झाली तेव्हाच पाहिला होता. आपण गेलो. मिस्त्रींनी तुमचा हात कोपरात दुमडून बोटापर्यंत माप घेतलं, गाल पाहिला, मान पाहिली, टेलर लग्नाचा कोट शिवतो तसं सगळं पाहिलं. मग विचारलं, "दाएं से चलाते हैं ना?"

कारण कुंदा अगदी सरळ नसतो. उजव्या खांद्याच्या माणसासाठी तो नखभर उजवीकडे कललेला कोरतात, डाव्यासाठी डावीकडे. एकदा कोरला की कोरला, लाकूड परत लावता येत नाही.

तुम्ही म्हणाले, "दाएं से." आणि मी खोकले.

मिस्त्रींनी तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हातारा हुशार. म्हणाले, अभी तो मोटा-मोटा निकालूँगा, दोनों तरफ लकड़ी छोड़ के. अगली बार आप लोग बता देना. तुम्ही दुकानातून बाहेर पडल्यावर जे सुरू झाले ते गोंदिया येईपर्यंत. "तुले का गरज होती खोकाची?" मी म्हटलं धूळ होती. समोरच्या सीटवरची बाई पेपर तोंडापुढे धरून हसत होती. डोंगरगडला चहा घेतला तेव्हा तुम्ही जरा नरमले आणि म्हणाले, "नागपूरले जाऊ, तवा पाहू."

तवा पाहू. हे तुमचं शेवटचं म्हणणं त्या विषयावर. ते 'हो' होतं का 'नाही', ते मला समजलं नाही. तुमच्यासोबत एवढा संसार केला, तुम्ही मला कधी 'तुझं बरोबर आहे' असं म्हटलं नाही. मी म्हणायची कुकर बदला, ह्याची शिटी नीट लागत नाही. तुम्ही म्हणायचे, कुकर ठीक आहे, तुला लावता येत नाही. आणि चार दिवसांनी ओट्यावर नवा कुकर. विचारलं तर, "स्वस्तात भेटला." गौरीच्या कॉलेजचं तसंच, ह्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं तसंच. तुम्ही करायचे माझंच, पण तोंडानं म्हणायचे नाही. मला ते चालायचं, पण ह्या एका गोष्टीत मला ऐकायचं होतं. त्या दिवशी पुऱ्या तळताना मी मनात हेच ठरवून राहिले होते की मिस्त्रीसमोर ह्यांच्या तोंडून काढून घ्यायचंच.

तुम्हाला आंघोळ घालून, कपडे घालण्याआधी, मला आत बोलावलं. तुमच्या उजव्या खांद्यावर निळा डाग होता. आदल्या रविवारचा. बाकी तुम्ही सगळे थंड झाले होते आणि तो डाग तसाच, जसा काही संध्याकाळी बाम लावायचा आहे. मी हात पुढे केला तर कोणीतरी मला मागे ओढलं, रडू द्या म्हणाले, मोकळी होऊ द्या. मी रडत नव्हते. मी डाग पाहत होते.

तुमची दुनळी साहूभैयांनी ठाण्यात जमा केली. लायसन माणसाच्या नावाचं, माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. ते उचलायला आले तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि बंदूक दोन्ही हातांवर घेतली. म्हणाले, "भाभी, रविवार को मैं आऊँ लेने? बटन..." आणि तसेच बाहेर पडून चपला घालायला लागले. भिंतीवर आता नुसती खुंटी आहे. गौरी म्हणाली त्यावर कॅलेंडर लाव. मी नाही लावलं.

तेरवीनंतर रिवाजाप्रमाणे माझा भाऊ मला चार दिवस नागपूरला, माहेरी न्यायला आला. आपण जिच्यानं जाणार होतो तीच गाडी. मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. भाऊ समोर बसला. गोंदियाच्या पुढे मी त्याला म्हटलं, "नाना, मले बर्डीवर एका दुकानात जाऊन याचं हाये." तो म्हणाला, जाऊ.

शेठना मी फोनवर आधीच कळवलं होतं, तुमचं. ते म्हणाले होते बंदुकीची चिंता करू नका, दुसरं गिऱ्हाईक पाहीन. मग मी कशाला गेले? मला वाटलं होतं, शेवटचं एकदा बघून यावं, ज्याच्यासाठी आपण एवढे भांडलो ते लाकूड. दुकानात शेठ नव्हते, जेवायला गेले होते. मिस्त्री मागच्या खोलीत बसले होते, मांडीवर पोतं, समोर पकडीत तो कुंदा. जाडजूड, दोन्ही बाजूंनी लाकूड सोडलेलं. त्यांनी मला ओळखलं. उठले, स्टूल पुसून दिलं, नानालाही बसवलं. माझ्या मागे दाराकडे पाहत म्हणाले, "साहब पीछे हैं?"

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण ते तर बोलतच होते. "साहब का फोन आया था. बोले, मिस्त्री, रंदा मत चलाना अभी. मैडम को लेके आता हूँ. मैंने पूछा, दायाँ या बायाँ, इतना तो बता दीजिए. बोले, वो मैडम बताएँगी. मेरे पीछे वही खड़ी रहती हैं, मिस्त्री, उनको दिखता है. वो जिधर का बोलें, उधर का काट देना."

मी म्हटलं, काय म्हणाले?

म्हाताऱ्याला वाटलं मला हिंदी समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, हळूहळू, तसंच्या तसं. उनको दिखता है. नाना माझ्याकडे बघून राहिला. मी स्टुलावर दोन्ही हात टेकले. तुम्ही हे मिस्त्रीला सांगितलं. फोनवर, माझ्या माघारी, बहुतेक गच्चीवर जाऊन. मी खाली पोळ्या करून राहिले असेन. घरात एक बाई हेच ऐकायला कान लावून बसली आहे आणि तुम्ही ते नागपूरच्या सुताराला सांगता. आणि मग सकाळी बूट घालायला बसता आणि मला एक शब्द न बोलता निघून जाता. असं कोणी करतं का हो?

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. "तो बताइए," ते म्हणाले, "किधर का?"

मला माहीत होतं ही बंदूक आपली नाही. ती आता शेठ कोणालाही विकतील, आणि तो माणूस बहुतेक उजव्या खांद्याचाच असेल. मिस्त्रींना खरं सांगायचं होतं, त्यासाठीच तर मी तोंड उघडलं. पण तुम्ही मला विचारलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं.

"बाएं का," मी म्हटलं.

मिस्त्रींनी मान हलवली आणि पेन्सिल लाकडावर टेकवली. मी थांबले. मी दाराकडे पाहत थांबले, की आता तुम्ही म्हणाल, "नाई बा." नाना म्हणाला, ताई, चल. मिस्त्रींनी रेघ ओढून पुरी केली. कोणीच 'नाही' म्हटलं नाही.